पहिल्या शोपर्यंत तोंडाला कुलूप

आमच्या घरच्या ग्रुपवर शनिवारी संध्याकाळी एक चर्चा सुरू झाली, ती सोमवारी सकाळपर्यंत चालली. विषय होता 'ड्यून : पार्ट थ्री'चा, म्हणजे 'ड्यून' या विज्ञानकथेवरच्या इंग्रजी सिनेमालिकेच्या तिसऱ्या भागाचा पहिला शो. जाहीर झालेली तारीख १८ डिसेंबर २०२६, शुक्रवार. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, अनेक वर्षं थिएटरात ऑपरेटर होते. ते ग्रुपवर सहसा फक्त वाचतात. या वेळी ते भरभरून लिहीत होते, म्हणून सगळं इथे उतरवून ठेवतेय.

छोटू: १८ डिसेंबर. पहिला शो. कोण कोण येतंय ते आत्ताच सांगा. बुकिंग उघडलं की पहिल्या मिनिटाला सीट धरायच्या आहेत.

मामा: मी आहे. मला विचारायचं पण नाही.

मी: मी पण.

मावशी: पहिलाच शो कशाला हवा? दोन-तीन आठवडे गेले की गर्दी ओसरते, निवांत बघता येतं. आणि काही महिन्यांनी घरी टीव्हीवर येतोच की.

मी: मावशी, घरी येतो हे खरंय. पण या मालिकेच्या बाबतीत पहिल्या आठवड्याचं मोल किती ते ऐक. पहिला भाग २०२० च्या अखेरीस यायचा होता, कोरोनामुळे तो ऑक्टोबर २०२१ वर गेला. त्यात अमेरिकेत तो थिएटरात आणि ओटीटीवर एकाच वेळी लावायचं स्टुडिओने ठरवलं. दिग्दर्शक डेनी विलनव यांनी त्याविरुद्ध उघड लेख लिहिला. कारण गोष्ट अर्धीच होती. पडद्यावर नावाबरोबर 'भाग पहिला' असं झळकत होतं आणि दुसऱ्या भागाला मंजुरीच मिळालेली नव्हती. २२ ऑक्टोबरला तिकडे सिनेमा लागला आणि २६ ला दुसऱ्या भागाची घोषणा झाली.

मावशी: चार दिवसांत?

मी: चार दिवसांत. ते चार दिवस मी रोज सकाळी उठून आधी बातम्या बघायचे. लोक त्या पहिल्या शनिवार-रविवारी घरीच बसले असते तर कदाचित आज आपण हे बोलतही नसतो.

ताई: आणि दुसरा भागही लांबलाच होता. नोव्हेंबर २०२३ चा मार्च २०२४ झाला, कलाकारांचा संप होता म्हणून. छोटूने कॅलेंडरवरची फुली खोडून नवी मारली होती, माझ्यासमोर.

छोटू: ते कॅलेंडर अजून आहे माझ्याकडे.

मामी: मला एक सांगा, मी पहिला भाग पाहिलाय, दुसरा नाही. मला चालेल का?

मामा: चालणार नाही. आधी दुसरा बघ. वेळ आहे भरपूर. पण तोवर ग्रुपवर कुणीही दुसऱ्या भागातलं एक अक्षर लिहायचं नाही, हे आत्ताच ठरवू या.

मी: मान्य. आणि तिसऱ्याबद्दलही. मी पुस्तक वाचलंय. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' १९६५ ची, आणि तिसरा भाग ज्यावर बेतलाय ती 'ड्यून मसाया' १९६९ ची. मी एक शब्द बोलणार नाही.

छोटू: म्हणजे तुला शेवट माहितीये?

मी: पुस्तकातला माहितीये.

मावशी: मग झालं की! ज्या गोष्टीचा शेवट १९६९ पासून छापलेला आहे, त्याची पहिल्या रात्री एवढी उत्सुकता कसली?

हा प्रश्न मावशीने मनापासून विचारला होता आणि तो चुकीचाही नव्हता. मी बराच वेळ लिहीत-पुसत बसले. मग हे पाठवलं:

मी: मावशी, काय होणार हे मला माहितीये. पण ते कसं दिसेल, कसं ऐकू येईल, कुठे शांतता सोडलेली असेल, हे मला माहिती नाही. पहिल्या पुस्तकात वाळूतला किडा येतो ते मी वाचलं होतं. थिएटरात मात्र आधी काही दिसलंच नाही. फक्त खुर्ची हलल्यासारखी वाटली आणि शेजारच्या अनोळखी बाईंनी हातातला फोन खाली ठेवला. ते पुस्तकात नव्हतं.

ताई: बरोबर. त्या सिनेमाला सहा ऑस्कर मिळाली, त्यात एक ध्वनीसाठी होतं. घरच्या स्पीकरवर त्यातलं अर्धं पोचत नाही, हे मी रोज त्याच कामात असते म्हणून सांगते.

मामा: पहिल्या रात्रीची मजा मला विचारा. १९७७ ला २५ मे रोजी 'स्टार वॉर्स' अमेरिकेत लागला तेव्हा पहिल्या दिवशी जेमतेम ३२ थिएटरं होती. बुधवार होता. बघून आलेले लोक दुसऱ्यांना घेऊन परत रांगेत उभे राहिले, आणि रांगा वाढत गेल्या. पुढे १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या भागाचा नुसता ट्रेलर आला, तर लोक दुसऱ्याच सिनेमाचं तिकीट काढून आत गेले, ट्रेलर बघितला आणि मूळ सिनेमा सुरू व्हायच्या आत उठून बाहेर आले.

मामी: नुसत्या ट्रेलरसाठी?

मामा: पंधरा वर्षं वाट बघितली होती त्यांनी. मला ते अगदी समजतं. आणि १९८० चा भाग तर विचारूच नका. त्यात एक वाक्य आहे. ते बाहेर फुटू नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळी काळ्या पोशाखातल्या नटाला वेगळंच, खोटं वाक्य बोलायला दिलं होतं. समोरच्या हिरोला खरं वाक्य काय आहे ते शॉटच्या जरा आधी कानात सांगितलं. खरा आवाज नंतर दुसऱ्या नटाने दिला. आणि ते वाक्य म्हणजे

छोटू: मामा थांब!!! मी तो पाहिला नाहीये!!

मामा: काय?

छोटू: नाही पाहिला. आणि कसा कोण जाणे, आजपर्यंत मला कुणी सांगितलंही नाही. प्लीज लिहू नकोस.

मामा: थांबलो. लिहीत होतो तेही पुसलं.

मला इथे मामाचं खरंच कौतुक वाटलं. ती गोष्ट सांगायला त्याला किती आवडते ते मला माहितीये. 'ड्यून'च्या दुसऱ्या भागाच्या वेळी आमच्याच नात्यातल्या एकाने पहिल्या दिवशी दुपारी शेवटचा प्रसंग तीन ओळींत लिहून दुसऱ्या एका ग्रुपवर टाकला होता. मी संध्याकाळच्या शोला जाणार होते. पूर्ण सिनेमाभर मी त्या तीन ओळी येण्याची वाट बघत बसले. परत बघितला तेव्हा आवडला, पण ती पहिली वेळ गेली ती गेलीच.

आई: अण्णा ऑनलाइन दिसताहेत मगाचपासून. अण्णा, तुम्हाला काय वाटतं?

आजोबा: वाचतो आहे सगळं. मुलांचं बरोबर आहे. पहिल्या खेळाचं लोकांचं बघणं वेगळं असतं.

छोटू: आजोबा, तुम्ही तर सगळे सिनेमे पहिल्या दिवशी बघितले असतील.

आजोबा: पहिल्या दिवशी नाही. आदल्या रात्री.

छोटू: म्हणजे???

आजोबा: प्रिंट पेट्यांतून यायची. एक रीळ साधारण २००० फुटांचं, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचं. पेटी आली की रिळं एकेक करून हाताने तपासायची, जोड कुठे सुटलाय का, कडेची भोकं कुठे फाटलीत का, हे बोटाला कळतं. मग रात्री शेवटचा खेळ सुटला की रिकाम्या थिएटरात पूर्ण प्रिंट एकदा चालवून बघायची. मी आणि माझा मदतनीस, दोघेच. सकाळी तिकीटखिडकीपाशी रांग लागलेली असायची. मला ओळखणारे विचारायचे, काय आहे, कसा आहे, हिरो वाचतो का. मी म्हणायचो, खेळ वेळेवर सुरू होईल. तेवढंच.

मामा: अण्णा, तुम्ही मला पण कधी सांगितलं नाहीत.

आजोबा: तुलाच सांगायचं नव्हतं. तू सगळ्या गल्लीला सांगितलं असतंस.

आजोबा: खेळ चालू असताना मी पडद्याकडे कमीच बघायचो. दोन मशीन असत. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावर पहिल्या मशीनऐवजी दुसऱ्याचं चित्र. लोकांना कळताही कामा नये. पण एक जागा ठरवून ठेवायचो. आदल्या रात्री मला जिथे धक्का बसला होता, ती जागा आली की मी केबिनच्या झरोक्यातून खाली बघायचो. पाचशे-सहाशे डोकी. सगळी एकदम स्थिर व्हायची. कुणी खोकतसुद्धा नसे. पहिल्या दिवशीच असं होतं. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या लोकांना माहीत असतं, ते शेजारच्याकडे बघतात.

यावर पाच-सहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.

ताई: आजोबा, आता पेटी नसते. हार्ड डिस्क येते, कधी थेट नेटवरून उतरवतात. पण त्यावर कुलूप असतं. सिनेमा थिएटरच्या सर्व्हरवर आधीच येऊन पडलेला असतो, आणि तो उघडायची किल्ली वेगळी, एक छोटी फाइल. ती त्याच एका सर्व्हरसाठी बनवलेली असते. त्यात अमुक दिवशी अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत असं लिहिलेलं असतं. त्याआधी प्ले केलं तर चालतच नाही.

आजोबा: म्हणजे ऑपरेटरलाही आधी दिसत नाही?

ताई: किल्लीची वेळ सुरू व्हायच्या आत नाही. कधी तपासणीसाठी थोडा आधीचा वेळ देतात, तेवढाच.

आजोबा: चांगलं आहे. मला गप्प राहायला फार जड जायचं.

छोटू: म्हणजे १७ तारखेला तो सिनेमा आपल्या थिएटरमध्ये असेल, बंद? आपण बाहेरून जाताना आत असेल?

ताई: बहुतेक हो.

छोटू: मला आता झोप लागणार नाही.

मी: आजोबा, तुम्हाला आवडेल असं अजून एक. पहिला भाग डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला, मग तो खऱ्या ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवला आणि तिथून पुन्हा स्कॅन करून डिजिटल केला. छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांना चित्रात तो फिल्मचा मऊपणा हवा होता. आणि तिसऱ्या भागाचा काही भाग आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर घेतलाय.

आजोबा: आयमॅक्सची फिल्म कशी असते?

ताई: ७० मिलिमीटर, आणि आडवी धावते. तुमच्या ३५ ला एका फ्रेमला चार भोकं, हिला पंधरा.

आजोबा: पंधरा? मग ती फ्रेम हातात धरून बघितली तर माणसाचा चेहरा दिसत असेल नुसत्या डोळ्यांनी.

आजोबा: मी येतो.

मामी: अण्णा, पहिला शो फार रात्री किंवा अगदी पहाटे असला तर? आणि आवाज केवढा असतो!

आजोबा: दोन्ही मशीनच्या मधे उभा राहून आयुष्य गेलं माझं. आवाजाचं काय घेऊन बसलीस. कानात कापूस घालीन.

मामा: एक गोष्ट मात्र लक्षात ठेवू या. पहिल्या रात्री लोक काय म्हणतात त्यावर लगेच जायचं नाही. '२००१ : अ स्पेस ओडिसी' २ एप्रिल १९६८ ला वॉशिंग्टनला पहिल्यांदा दाखवला. सुरुवातीच्या खेळांना लोक मधेच उठून गेले. दिग्दर्शक कुब्रिक यांनी त्यानंतर सुमारे १९ मिनिटं कापली. म्हणजे त्या सुरुवातीच्या खेळांतल्या लोकांनी जो सिनेमा पाहिला तो नंतर कुणालाच बघायला मिळाला नाही. आणि आज त्याच सिनेमाला लोक डोक्यावर घेतात.

आई: ती १९ मिनिटं बघितलेल्या माणसाला कसं वाटत असेल?

मी: आई, हे काय सुंदर लिहिलंस.

मावशी: बरं, मला पण धरा. पण सीट कुठल्या घेणार? अगदी पुढची नको, मान दुखते.

छोटू: मधोमध, पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर. आवाज तिथे सगळ्यात चांगला बसतो, ताई म्हणते.

आजोबा: तुम्ही तिथे बसा. मला सगळ्यात शेवटची रांग.

छोटू: आजोबा, एकटे? तिथून पडदा लहान दिसेल.

आजोबा: पडदा दिसेल तेवढा पुरे. लोक दिसले पाहिजेत.

मी माझी पण सीट शेवटच्या रांगेत सांगितली, त्यांच्या शेजारची. मग मामीने, मग आईने. शेवटी छोटूने लिहिलं की त्याला आवाजापेक्षा आजोबांच्या शेजारी बसायचं आहे, तर आम्ही दोन रांगा करू. ते अजून ठरलेलं नाही.

रविवारी रात्री साडेनऊला:

छोटू: मामा, तो १९८० चा आत्ता लावतोय. ७७ चा दुपारी संपवला. कुणीही दोन तास काही लिहू नका.

कुणी लिहिलं नाही. सकाळी उठून फोन बघितला तर:

छोटू: मामा!!!!!!!

छोटू: मामा तू उठलास का???

छोटू: मला वाटलं तो खोटं बोलतोय!! मी थांबवून परत मागे नेऊन ऐकलं

मामा: उठलो. फोन कर. इथे लिहू नकोस, मावशीने पाहिलेला नाही.

मावशी: एवढं काय आहे त्यात? आज रात्री मला पण लावून द्या.