प्रेमकवितेतल्या चंद्राला काही वर्षं रजा द्यावी का?

गोदाकाठ:

चंद्र, मोगरा, श्रावणसर आणि कातरवेळ या चौघांना प्रेमकवितेतून काही वर्षं सक्तीच्या रजेवर पाठवावं, असं माझं मत झालंय. हल्ली कुठलंही कविसंमेलन ऐका, प्रेम आलं की मागोमाग चंद्र येतोच. आणि हा चंद्र कुठल्याही तिथीला उगवतो. कृष्णपक्षात कुणी प्रेमात पडायचंच नाही की काय?

आपल्याकडे सुरुवात अशी नव्हती. गाथासप्तशती काढून बघा. हाल सातवाहनाच्या नावावरचा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, मराठीत स. आ. जोगळेकरांनी केलेला. त्यातल्या एका गाथेत एक बाई मान खाली घालून रडतेय. का, तर साळीची शेतं पांढरी पडायला लागलीत. म्हणजे भात तयार झाला, आता कापणी होणार आणि दोघांची भेटायची जागा जाणार. तिला सांगितलं जातं, रडतेस कशाला, तागाची वाडी बघ, तोंडाला हरताळाचा पिवळा रंग फासलेल्या नटीसारखी पिवळी झालीय. म्हणजे नवा आडोसा तयार. संपली गाथा. प्रेमाचा उच्चारही नाही. कुठलं पीक कधी उभं राहतं आणि कधी कापलं जातं, यावर दोन माणसांची गाठभेट ठरतेय.

दुसरी त्याहून भारी. गोदावरीच्या काठच्या झाडीत भेटायचा संकेत आहे आणि एक धार्मिक गृहस्थ तिथे फिरकायला लागलेत. बाई त्यांना गोड आवाजात सांगते, आता खुशाल हिंडा महाराज, तुम्ही ज्याला भ्यायचात तो कुत्रा मेला. गोदेच्या काठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आज मारला त्याला. आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या सूचित अर्थावरच्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ही गाथा उदाहरण म्हणून घेतली, ती उगाच नाही. ‘या’ म्हणत ‘येऊ नका’ सांगणं आणि त्यासाठी जाळीतला सिंह कामाला लावणं!

पावसाचंही तसंच. पावसाळ्यात वाटा बंद व्हायच्या, म्हणून परगावी गेलेल्या माणसाने त्याआधी घर गाठायचं असायचं. आकाशात ढग दिसला की घरातल्या बाईच्या पोटात कालवायचं, ते हवा रोमँटिक झाली म्हणून नव्हे. मुदत संपत आलीय आणि माणूस अजून वाटेवरच आहे, म्हणून.

थोडक्यात, तिथे निसर्ग म्हणजे आडोसा, अडचण आणि वेळापत्रक. आपण त्याचा पडदा करून टाकला, फोटो स्टुडिओत मागे लावतात तसला. आता हाणा मला.

खडूस वाचक:

हाणतोच. तागाची वाडी नटीसारखी पिवळी, ही उपमा नाही तर काय आहे? तुम्ही निवडलेल्या गाथेतच अलंकार बसलाय, तो सोयीने गिळून टाकलात. त्याच संग्रहातली बगळीची गाथा घ्या. कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बगळी, जणू स्वच्छ पाचूच्या ताटात ठेवलेला शंखशिंपला. साळ कापणाऱ्या घरात पाचूचं ताट कुठून आलं हो? या गाथा शेताच्या बांधावर बसून केलेल्या नाहीत. खेडं कसं रंगवायचं हे पक्कं ठाऊक असलेल्या, चांगल्या मुरलेल्या कवींचं हे काम आहे. तुमचा ‘खरा निसर्ग’सुद्धा रंगवलेलाच.

गोदाकाठ:

उपमा आहे, नाही कुठे म्हटलं? पण बगळीच्या गाथेत काम कोण करतंय ते बघा. पाचूचं ताट काढून टाकलंत तर सौंदर्य कमी होईल, गाथा मरणार नाही. बगळी हलत नाही ही गोष्ट काढलीत तर मात्र काहीच उरत नाही. बगळी हलत नाही, म्हणजे आसपास माणूस नाही, म्हणजे जागा सुरक्षित आहे. मम्मटाने काव्यप्रकाश या काव्यशास्त्राच्या ग्रंथात ही गाथा घेतली ती या सुचवण्यासाठीच. कवी राजवाड्यात बसला होता की बांधावर, याने मला फरक पडत नाही. बगळी माणसाच्या चाहुलीने उडते हे त्याला माहीत होतं, एवढं पुरे.

सायलीचा वेल:

गोदाकाठ, तुमच्या नियमात इंदिरा संत कुठे बसतात? ‘नको नको रे पावसा’ ही कविता आठवा. घर चंद्रमौळी, दारात सायली, कौलांवर पाऊस तडातडा नाचतोय, गळतीखाली ठेवायला भांडी आणायची कुठून, नेसूचं जुनेर भिजतंय. इथवर तुम्ही खूश व्हाल, सगळी अडचणच आहे. पण पुढे ती त्याच पावसाला म्हणते, एवढं सोसलं ना तुझं, मग माझं एक ऐक. वेशीपुढे आठ कोस आडवा धाव, विजेला कडाडायला सांग आणि वाटेवरच्या माझ्या सख्याला माघारी आण. नीट सांभाळून आण, मग घाल किती धिंगाणा घालायचा तो.

पाऊस ऐकत नसतो, विजेला ‘विजेबाई’ म्हटल्याने ती थांबत नाही, हे त्या बाईला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? कळतं म्हणूनच ती कविता सोसवत नाही. गेलेल्या माणसाला ‘परत ये’ म्हणायची सोय उरलेली नाही, म्हणून पावसाशी बोलायचं. निसर्गाला माणूस केलं की प्रेम खोटं होतं, हा तुमचा सिद्धान्त इथे उताणा पडतो.

शिवाय कालिदासाच्या मेघदूताशी ताडून बघा. यक्षाने ढगाला निरोप दिला, मार्ग सांगितला, वाटेतली प्रेक्षणीय स्थळंही सांगितली. (विरहात इतका भूगोल सुचतो याचं मला कायम नवल वाटतं.) ही बाई निरोप देत नाही. सरळ काम सांगते.

खडूस वाचक:

कालिदासाला हा प्रश्न पडलाच होता. धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा गोळा असलेला ढग कुठे आणि निरोप कुठे, असं त्याने पाचव्याच श्लोकात विचारून ठेवलंय. आणि उत्तरही दिलंय: कामाने व्याकुळ झालेल्यांना सजीव-निर्जीव हा भेद करता येत नाही. म्हणजे टीकाकाराचा आक्षेप कवीने आधीच नोंदवून निकालात काढला.

कोरडवाहू:

मी मराठवाड्यातला, घरची शेती. धागाकर्त्याच्या ‘आडोसा आणि अडचण’ला अनुमोदन, पण चंद्राच्या रजेचा अर्ज नामंजूर. महानोरांची ती ओळ सगळ्यांना पाठ आहे, जोंधळ्याला चांदणं लखडून जाण्याची. शहरातली माणसं ती ऐकून ‘वा, काय कल्पना’ म्हणतात. रब्बीच्या जोंधळ्याला कणसं भरलीत आणि रात्री राखणीला तुम्ही माळ्यावर आहात, मग त्यात कल्पना फारशी उरत नाही हो. तसंच दिसतं ते. महानोर पळसखेड्यात शेती करत होते, १९६७ ला ‘रानातल्या कविता’ आल्या, त्या रानाबाहेरून लिहिलेल्या नाहीत.

आणि एक तक्रार तुम्हा सगळ्यांकडेच. पाऊस म्हटला की तुमच्या कवितेत एक छत्री आणि दोन माणसं. आमच्याकडे जूनमध्ये पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की नवरा-बायको एकमेकांशी बोलत नाहीत. दुबार पेरणीला बियाणं कुठून आणायचं, या विचारात कुणाला शृंगार सुचतो? त्या अबोल्यावर कविता कुणी लिहायची?

दुर्बीणवाला:

थोडं पक्ष्यांबद्दल बोलू द्या. चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन काठांवर विभक्त होते आणि रात्रभर एकमेकांना हाका मारते, हा संस्कृत कवींचा लाडका संकेत. हिवाळ्यात उजनीच्या पाणलोटावर, भिगवणला जा, हे बदक बघायला मिळेल. जोडीने असतं आणि रात्री कुणी त्यांना वेगळं करत नाही. चातक फक्त पावसाचे थेंब पितो म्हणे. तो पावसाबरोबर आपल्याकडे येतो हे खरं, पण अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालतो. एकनिष्ठेचं प्रतीक म्हणून निवडायला पक्षी छान मिळाला!

बहिणाबाईंचा खोपा तर विचारूच नका. सुगरणीने पिलांसाठी झाडाला झोका टांगला, असं आपण शाळेपासून म्हणतो. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. मादी येऊन तपासते, पसंत पडला तर राहते, नाही तर तो अर्धवट सोडून दुसरा विणायला घेतो. सांगा बघू, प्रेमकवितेला यातलं कुठलं जास्त उपयोगी?

सायलीचा वेल:

नर विणतो हे मान्य. पण बहिणाबाईंना पक्ष्यांचा अहवाल लिहायचा नव्हता. तळहाताएवढ्या चोचीने, हात नसताना एवढं घर उभं राहतं, हे सांगायचं होतं, आणि ते घरी-शेतात राबणारी बाई सांगत होती. तिने त्या जागी बाईच बघितली यात आश्चर्य काय?

दुर्बीणवाला:

सुगरणीची चोच तळहाताएवढी नसते.

सायलीचा वेल:

😄 बरं, चिमूटभर.

उंबरठा:

मला वेगळाच त्रास होतो. निसर्गातून नातं दाखवताना बाई बहुतेक वेळा जमीन असते आणि पुरुष पाऊस, सूर्य नाही तर नांगर. कुसुमाग्रजांचं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ घ्या. युगानुयुगं पृथ्वी सूर्याभोवती फिरतेय, चंद्र, शुक्र, मंगळ, धूमकेतू सगळे तिच्या मागे आहेत, आणि ती शेवटी काय म्हणते? मी धूलीकण, तुझ्या पायाची धूळ हेच माझं भूषण. पाठ्यपुस्तकातल्या उदात्त प्रेमाचा हा नमुना.

खडूस वाचक:

तुम्ही फक्त शेवट वाचलात. मधे तीच म्हणते की दुर्बळांचा क्षुद्र शृंगार मला नको, त्यापेक्षा तुझं दूर असणं सोसवेल. एवढ्या मागण्या आल्या असताना काजव्यांना गळ्याशी धरणार नाही, असं ठणकावून सांगणारी ही बाई आहे. निवड तिची आहे आणि कविताभर बोलतेही तीच, सूर्याला एक शब्द दिलेला नाही.

उंबरठा:

बोलते ती, पण तिच्या तोंडून लिहितो कोण? ओव्यांकडे जा, मग कळेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामातून जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, लाखाहून जास्त. स्वतःसाठी बोलताना बायकांनी किती जागा भावाला, माहेराला, लेकीला, सीतेच्या वनवासाला दिलीय! प्रेम म्हणजे फक्त प्रियकर-प्रेयसी, हे या धाग्यातही सगळ्यांनी गृहीतच धरलंय.

गोदाकाठ:

उंबरठा, मान्य, धागा त्या बाजूला गेलाच नाही. पृथ्वीच्या कवितेत मला मात्र धुळीपेक्षा दुसरंच खटकतं. पृथ्वी एवढी फिरते आणि तिच्या अंगावर एकही ऋतू येत नाही.

खडूस वाचक:

आता पृथ्वीकडेसुद्धा पेरणीचा दाखला मागा.

पण माझा मुख्य आक्षेप राहिला. तेराव्या शतकात जा. ज्ञानेश्वरांच्या विराणीत चंद्र आहे, चांदणं आहे, चाफा आहे, चंदन आहे, तुमची सगळी रजेवरची मंडळी हजर. आणि देवकीनंदनावाचून यातलं काहीही आवडत नाही, असं ती विरहिणी म्हणते. चांदणं सुखाचं असतं हे आधी शेकडो कवींनी घोटून घोटून पक्कं केलं नसतं, तर ‘नावडे’ या एका शब्दात एवढं दुःख मावलं असतं का? गुळगुळीत झालेली प्रतिमाच तिथे कामाला आली. तुम्ही चंद्राला रजा दिलीत तर पुढच्या विरहिणीने नाकारायचं काय?

गोदाकाठ:

तिने नाकारायला चंद्र आणला, तिच्या चंद्राची रजा मी आत्ता रद्द करतो. पण संमेलनातल्या कवींपैकी चंद्र परत पाठवण्यासाठी कोण आणतं? आणि कोरडवाहू, त्या जूनमधल्या अबोल्यावर कुणी लिहिलेलं तुमच्या वाचनात असेल तर इथे द्या. नसेल तर तुम्हीच लिहा, छत्रीवाले लिहिणार नाहीत.