गियूर: ‘धर्मांतर’ हा शब्द इथे पुरतो का?

प्रश्न: यहुदी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक करायचं आहे. ‘गियूर’ला ‘धर्मांतर’, ‘तविला’ला ‘बाप्तिस्मा’ आणि ‘मिक्वे’ला ‘शुद्धिकुंड’ लिहिलं तर चालेल का? मूळ शब्द वाचणाऱ्याला जड जातील असं वाटतं.

उत्तर १: ‘धर्मांतर’ शीर्षकात एकदा येऊ द्या, नाहीतर विषयच कळणार नाही. पुढे मात्र ‘गियूर’च ठेवा. हिब्रूतला ‘गेर’ म्हणजे मुळात परक्या मुलखात येऊन राहिलेला माणूस. मराठी बायबलात त्याला ‘उपरी’ म्हटलंय, आणि ही निवड फार नेमकी आहे. पेशवाईतल्या गावात मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. उपरी तीच जमीन कसायचा, पण हक्काशिवाय. इस्राएलच्या वंशांना जमीन वाटून दिली, तेव्हा गेरची गत साधारण अशीच होती. पुढे रब्बींच्या (यहुदी धर्मपंडितांच्या) काळात ‘गेर’चा अर्थ ‘यहुदी झालेला’ असा स्थिरावला. शब्दाच्या पोटात ‘मत बदललं’ हे नाही, ‘आमच्यात येऊन राहिला’ हे आहे. म्हणूनच मनाशी ठरवून एकट्याने गियूर होत नाही, करून घेणारे लागतात. आणि ‘गैर’ असं लिहू नका, तो अरबी शब्द वेगळा.

उत्तर २: करून घेणारे म्हणजे ‘बेत दीन’. यातला ‘दीन’ म्हणजे न्याय. गरीब नव्हे, धर्मही नव्हे. त्यामुळे ‘धर्मसभा’ चूक, ‘न्यायासन’ बरोबर. तीन दय्यान, म्हणजे न्यायाधीश, बसतात, आणि न्यायाचं काम म्हणून दिवसाच बसतात. ‘का यायचंय?’ हा त्यांचा पहिला सवाल. आधी रब्बींनी परतवून लावायचं अशी जुनी रीत आहे. तो कायमचा नकार समजून पुष्कळजण तिथेच थांबतात. पत्रकात हे ठळक लिहा.

तिथे जे कबूल करायचं त्याला ‘श्रद्धा स्वीकारणं’ म्हणू नका. हिब्रू शब्द ‘ओल मित्स्वोत’, आज्ञांचं जू. बैलाच्या मानेवरचं, तेच जू. शब्बाथ (शनिवारचा विसावा), कोशेर (नियमात बसणारं) खाणं, सणवार हे पाळायचं असतं, नुसतं पटून भागत नाही.

उत्तर ३: ‘बाप्तिस्मा’ नको, त्याने वाचणारा थेट चर्चमध्ये जातो. ‘शुद्धी’ही नको, इथे कोणी अशुद्ध होता असं म्हणायचंच नाहीये. ‘तविला’ला आपल्याकडे साधा शब्द आहे: बुडी.

मिक्वे म्हणजे पाण्याचा साठा. त्यात किमान 40 सआ पाणी लागतं (सआ हे जुनं हिब्रू माप; लिटरमध्ये किती, यावर मतं वेगळी), आणि ते पावसाचं किंवा झऱ्याचं, आपसूक जमलेलं हवं. शेंदलेलं पाणी चालत नाही. ‘शेंदणं’ हे क्रियापद इथे जसंच्या तसं बसतं, अवश्य वापरा. समुद्रही चालतो.

बुडी वाया कशाने जाते, तर अंग आणि पाणी यांच्यामध्ये काही आलं की. त्याला ‘हत्सित्सा’ म्हणतात; मराठीत ‘आडकाठी’ पुरेल. अंगठी, नेलपॉलिश, चिकटपट्टी, कॉन्टॅक्ट लेन्स, केसांतला गुंता. म्हणून आधी घरी अंघोळ, नखं कापणं, केस विंचरून मोकळे करणं. पाण्यात मुठी आवळायच्या नाहीत, ओठ गच्च मिटायचे नाहीत. एक केस वर तरंगत राहिला तरी ती बुडी धरत नाहीत, पुन्हा मारावी लागते. स्त्रीच्या वेळी पाण्याजवळ स्त्रीच असते, दय्यान मर्यादा राखून बाजूला थांबतात.

उत्तर ४: पुरुषांसाठी ‘ब्रित मिला’ला ‘सुंता’ ठीक आहे. पण आधीच सुंता झालेली असेल तर ‘हताफत दाम ब्रित’ करतात. त्याला ‘लाक्षणिक सुंता’ लिहिलेलं दिसतं, ते फसवं आहे. रक्ताचा एक टिपूस खरोखर काढतात. क्रमही लिहा: आधी सुंता, जखम पूर्ण भरली की बुडी.

उत्तर १: ‘धर्मांतरित ज्यू’ हा शब्दप्रयोग पत्रकात कुठेच नको. गेरला त्याच्या पूर्वायुष्याची आठवण करून देऊन दुखवायचं नाही, असं तालमूद हा रब्बींचा जुना ग्रंथच सांगतो. नवं नाव ‘बेन अव्राहाम’ किंवा ‘बत अव्राहाम’ असं लागतं, अब्राहामाचं मूल म्हणून. उपऱ्याचा मिरासदार झाला तो इथे.

प्रश्न: मग बेने इस्राएलांना यातलं काय लागू?

उत्तर २: काहीच नाही. कोकणातले बेने इस्राएल जन्माने यहुदी. इस्राएलमध्ये त्यांच्या विवाहांवरून वाद झाला, पण 1964 मध्ये त्यांना पूर्ण यहुदी मानलं गेलं. मणिपूर-मिझोरमचे बेने मेनाशे मात्र रीतसर गियूर करतात. दोघांना एका वाक्यात बसवू नका.

शेवटी एक ओळ हवीच: गियूर कोणत्या बेत दीनकडून, हे सुरुवातीलाच विचारा. रिफॉर्म किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह या तुलनेने मोकळ्या पंथांचे गियूर परंपरानिष्ठ ऑर्थोडॉक्स रब्बी मानत नाहीत. इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये देशातच झालेले असे गियूरही नागरिकत्वासाठी ग्राह्य धरले, पण तिथल्या यहुद्यांची लग्नं मुख्य रब्बीपीठाच्या हाती आहेत. तिथे कागद अडतो.