पुन्हा: पुन्हा: पीस ब्रिज, बहिणीच्या नात्याचे मुंबईचे कागद

प्रेषक: कागदपत्रं गट, दादर

मिसिसागाच्या ताई, मुंबईची जी ट्रान्स स्त्री अमेरिकेतून कॅनडात आश्रय मागायला येतेय, तिला रविवारी पीस ब्रिजवर, त्या सीमेवरच्या पुलावर, बोलावू नका. कॅनडा-अमेरिकेतला सेफ थर्ड कंट्री करार (आधी ज्या देशात पोहोचलात तिथेच आश्रय मागायचा) २५ मार्च २०२३पासून अख्ख्या भूसीमेला लागू आहे. आडवाटेनं शिरून १४ दिवसांच्या आत आश्रयाचा दावा केला तरी अमेरिकेत परत पाठवतात. तिला लागू पडणारा अपवाद एकच, कॅनडातली सख्खी बहीण. आणि दावा एकदा अपात्र ठरला की दुसऱ्यांदा करता येत नाही.

अडलंय नावांवर. तिच्या पासपोर्टवर नवं नाव आणि स्त्री, जन्मदाखल्यावर जुनं नाव आणि पुरुष. बहिणीचं लग्नानंतर मधलं नाव, आडनाव दोन्ही बदललं. म्हणून दोघींचे पालिकेचे जन्मदाखले, बहिणीचा विवाह नोंदणी दाखला आणि हिचं राजपत्र, एवढं एकत्र लागतं. त्यातही आईचं नाव एका दाखल्यावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. ते जुळवायला दोघींचे शाळा सोडल्याचे दाखले आणि या दोघींची नावं असलेलं जुनं रेशनकार्ड हवं. आईकडे प्रतिज्ञापत्र मागू नका. धोका त्याच घरातून आहे. मावशी द्यायला तयार आहे.

प्रेषक: मिसिसागा

राजपत्राला इथून एजंट लावते, लवकर होईल. बहीण अजून पीआर (कायम रहिवासी) नाही, वर्क परमिटवर आहे. चालेल ना?

प्रेषक: कागदपत्रं गट, दादर

परमिट वैध आणि वय १८ पूर्ण असेल तर चालतं. स्टडी परमिटही चालतं, व्हिजिटर व्हिसा नाही. मुदत कधी संपते तेवढं कळवा.

एजंट कृपया नको. राजपत्राचा अंक आमच्याकडे आलेला आहे, आणि मुंबईचे कागद आमच्याच गटाकडे राहू द्या. जुनं नाव, नवं नाव, बहिणीचा पत्ता हे तिन्ही एका बाहेरच्या माणसाच्या हाती गेलं आणि भावांना कळलं, तर तिच्या जिवावर बेतेल.

प्रेषक: ठाणे

पण समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत म्हणणारा कलम ३७७चा निकाल २०१८चा, ट्रान्सजेंडर कायदा २०१९चा. आश्रयाचे दावे ऐकणारं कॅनडाचं बोर्ड म्हणेल, मुंबईत भीती वाटते तर दिल्लीला राहा. मग?

प्रेषक: टोरांटो, कायदा गट

विचारतीलच. भारतातले कितीतरी दावे तिथेच पडतात. पण लैंगिक कल आणि लिंगओळखीच्या दाव्यांसाठीची बोर्डाची गाइडलाइन ९ स्पष्ट आहे: जिथे ओळख लपवून राहावं लागेल, ती जागा पर्याय धरता येत नाही. म्हणून घर सोडायला लावल्याचे मेसेज, पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच, दुसऱ्या शहरात शोधत आल्याचा पुरावा, सगळं तारखांसकट जमवा. नुसती हकिकत पुरणार नाही.

त्याआधी एक. तिनं अमेरिकेत आय-५८९, म्हणजे तिथला आश्रयाचा अर्ज, भरलाय का? पोहोचल्यापासून वर्षाच्या आत भरायची मुदत असल्यामुळे अनेकजण तो भरून टाकतात. भरला असेल तर २०१९च्या दुरुस्तीमुळे बहीण असूनही दावा बोर्डापुढे जात नाही. मग उरते देशाबाहेर काढण्याआधीची जोखीम-तपासणी, पीआरआरए. तीत सुनावणी मिळते, पण तयारी वेगळी.

प्रेषक: ठाणे

रेशनकार्ड मराठीत आहे, इंग्रजी मी करून देतो.

प्रेषक: कागदपत्रं गट, दादर

दादा, करा. खाली भाषांतरकाराचं नाव, कुठल्या भाषेतून केलं ते, अचूक असल्याचं निवेदन आणि सही हवी. शाळेच्या दाखल्यांनाही तसंच.

आय-५८९चं तिला आज विचारते. उत्तर येईपर्यंत रविवार रद्द. आणि तिचं जुनं नाव या लिस्टवर कुणीही लिहू नका, स्कॅनही इथे जोडू नका.