रामभाऊंच्या मिसेसचं ऑपरेशन (बिल्डिंग ग्रुप, मंगळवार रात्र)

देशपांडेकाका ए-४०१: आपल्या वॉचमन रामभाऊंच्या मिसेसचं अपेंडिक्स फुटलंय. हॉस्पिटल ४० हजार डिपॉझिट मागतंय. १७,५०० जमलेत. क्यूआर परत टाकतोय, जमेल तसं पाठवा 🙏

स्नेहल सी-१०२: २००० केले काका. पण दरवेळी ग्रुपवर झोळी फिरवायची का? शिक्षण मूलभूत हक्क आहे, मग उपचार का नाही?

ॲड. साठे बी-३०४: थेट शब्दांत नाही. शिक्षणासाठी २००२ ला घटनादुरुस्ती झाली, कलम २१-अ आलं. आरोग्य राहिलं कलम ४७ मध्ये, मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे त्यावरून थेट कोर्टात जाता येत नाही. कोर्टाने मात्र ते कलम २१ मध्येच, म्हणजे जगण्याच्या हक्कातच धरलंय. १९९६ चा निकाल आहे. बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या हकीम शेखला सरकारी हॉस्पिटलं एकामागून एक 'बेड नाही' म्हणत परत पाठवत गेली. शेवटी खासगीत १७ हजार गेले. सुप्रीम कोर्टाने २५ हजार भरपाई दिली, वर बजावलं की पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही.

जोशी ए-१०३: घटनेत लिहून बेड उगवतात का? राजस्थानने २०२३ ला आरोग्य हक्काचा कायदा केला, डॉक्टर रस्त्यावर आले.

डॉ. मेधा सी-५०१: आले, कारण इमर्जन्सीचं बिल सरकार कधी आणि किती देणार हे कोणी नीट सांगेना. हक्क द्याच, पण चेक फाडणारा कोण तेही लिहा. ते जाऊ दे. देशपांडेकाका, हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का?

देशपांडेकाका: हो. बिलावर 'चॅरिटेबल' छापलंय.

डॉ. मेधा: मग डिपॉझिट कसलं?? धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के बेड मोफत, १० टक्के सवलतीत. मोफतसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत हवं. रामभाऊंचा पगार १३ हजार, म्हणजे बसतात. आत्ता समाजसेवा अधिकारी शोधा. रिसेप्शनवर बोर्ड असेल.

देशपांडेकाका: आहे. कुंडीच्या मागे 😡 मनीप्लांटचा वेल खाली ओढला तेव्हा 'निर्धन रुग्ण' एवढं दिसलं.

जोशी: 😂

स्नेहल: हसताय काय जोशीकाका. आपल्यात वकील, डॉक्टर आहेत म्हणून कळलं. शेजारच्या साइटवरच्या मजुराला कोण सांगणार? हक्क असता तर त्याला ओळख लागली नसती.

ॲड. साठे: हक्क आहे गं, कुंडीमागे आहे. काका, अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी 'बघतो' म्हणाले तर ऐकू नका.

देशपांडेकाका: समाजसेवा अधिकारी बाई आल्या. पिवळं रेशनकार्ड गावाला आहे, रामभाऊंच्या भावाला फोटो काढायला पाठवलंय, रेंज मिळेना. पण डिपॉझिट सोडलं, पेशंटला आत घेतायत.

पाटीलकाकू बी-२०१: मग जमलेले पैसे परत का?

डॉ. मेधा: थांबा काकू. रामभाऊ चार दिवस बिनपगारी असतील.

जोशी: बिनपगारी का? कमिटीने ठरवावं. आणि आज रात्री गेटवर कोण?