मदत हवी आहे: १९७४ ची येझदी २५० घेतलीय. चालू कशी करू आणि किती बदलू?

नमस्कार मंडळी,

खूप दिवसांची हौस होती, ती एकदाची फिटली. कोरेगावजवळच्या एका गावातून येझदी २५० उचलली. आरसी बुकात १९७४ साल आहे, म्हणजे म्हैसूरच्या कारखान्याने जावा नाव सोडून येझदी लावलं त्यानंतर लगेचची. मूळ मालक वारले, गाडी पडवीत ताडपत्रीखाली होती. मुलाने भाव फारसा ताणला नाही, फक्त "भंगारात घालू नका" एवढं बजावलं. छोट्या टेम्पोत घालून कऱ्हाडला आणली.

आतापर्यंत काय केलंय ते सांगतो. टाकीत खपल्या खपल्या गंज होता. जुनी सायकलची चेन आणि व्हिनेगर घालून रात्रभर ठेवलं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून, वाळवून, पेट्रोलने धुतली. पेट्रोल कॉक नवीन. जिकॉव्ह कार्बोरेटर उघडून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) तारेने न कोरता हवेने साफ केले. सहा व्होल्टची नवी बॅटरी. पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारा स्विच) घासून गॅप ०.४ मिमीच्या आसपास. पेट्रोलमध्ये टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल लिटरला ४० मिली.

आता तक्रारी.

थंड असताना टिकलर (कार्बोरेटरवरचं जादा पेट्रोल सोडणारं बटण) दाबून किक मारली की चालू होते. आवाज ऐकून गल्लीतले दोन आजोबा लगेच बाहेर आले, एकाने तर हात लावून नमस्कारच केला. पण दीडदोन किलोमीटर गेलं की फटफट करते आणि बंद पडते. मग कितीही किका मारा, ढिम्म. अर्ध्या तासाने पुन्हा काही झालंच नाही अशी चालू.

दुसरं, धूर. टू-स्ट्रोक आहे, थोडा धूर येणारच हे कळतं, पण इथे दोन्ही सायलेन्सरमधून पांढुरका, दाट धूर येतो आणि इंजिन तापलं तरी कमी होत नाही. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले पापड उचलून आत नेले.

तिसरं, क्लच दाबून पहिला टाकला की गाडी झेप घेते. येझदीत गिअरची लिव्हर दाबली की क्लच आपोआप सुटतो असं ऐकून आहे, ते माझ्या गाडीत होत नाही.

आणि आता मनातली गोष्ट. मला ती जशीच्या तशी दिवाणखान्यात ठेवायची नाही. बॉबर करायचीय: मागचं मडगार्ड कापून आखूड, एकच सीट, रुंद हँडल, एकच सायलेन्सर, सगळं मॅट काळं. इथल्या एका फॅब्रिकेटरने फ्रेमचा मागचा भाग कापून लूप वेल्ड करून देतो म्हटलंय. जाणकारांनी सांगावं, आधी इंजिन की आधी फ्रेम? आणि कापायला हरकत आहे का?

— कऱ्हाडचा_२५०



गॅरेजकर:

अभिनंदन. फ्रेमचं नंतर बोलू, आधी इंजिन.

तापल्यावर बंद पडते याला तीन मुख्य संशयित. पहिला फुकटात तपासता येतो: बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर झाकणातलं वायुछिद्र गंजाने बुजलंय. सुई घाला, काम संपलं.

तसं नसेल तर पुढच्या वेळी प्लगचा पाना खिशात ठेवून निघा. बंद पडली की तिथल्या तिथे प्लग काढा, टोपीत बसवून हेडला टेकवा आणि किक मारा. थंड इंजिनवर ठिणगी दिसते याला काही किंमत नाही, ती तापल्यावर आहे का ते बघायचं. नसेल किंवा लालसर, मरतुकडी असेल तर आधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबा) बदला, मग कॉइल. पन्नास वर्षांचा कंडेन्सर तापला की हात वर करतो. पॉइंटचं झाकण काढून अंधारात बघा, पॉइंट उघडताना निळसर ठिणग्या जोरात उडत असतील तर तोच. कुठल्याही जुन्या पॉइंटवाल्या गाडीचा, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर चालतो. मूळच्याच जागी बसला पाहिजे असं नाही, इंजिनच्या उष्णतेपासून लांब, कॉइलपाशी लावला तर उलट जास्त टिकतो.

ठिणगी छान आणि प्लग कोरडा, पांढुरका, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी फुकटची हवा शिरतेय. कार्बोरेटरचं पॅकिंग आणि डायनामोच्या मागचं ऑइल सील. गाडी आरपीएम घेऊन खाली यायला वेळ लावते का ते बघा. लावत असेल तर सील. अशी गाडी फिरवू नका, पिस्टन धरेल, म्हणजे जाम होईल.

धुरासाठी गिअरबॉक्समधलं ऑइल बरोबर पातळीला भरा, थोडं चालवा, पुन्हा मोजा. खाली टिपूस नाही आणि पातळी उतरलेली, तर डाव्या बाजूचं क्रँक सील गेलंय आणि इंजिन प्रायमरी चेनच्या डब्यातलं ऑइल पितंय. पांढुरका धूर बहुतेक तोच. पण आधी दोन्ही सायलेन्सरमधले बॅफल (आवाज दाबणाऱ्या आतल्या नळ्या) ओढून बघा. जुन्या ऑइलचा चिकट काजळीचा थर असतो, तो जळेपर्यंत धूर येत राहतो. जाळून, घासून बसवा.

क्लच: कॉर्कच्या प्लेटा उभ्या गाडीत एकमेकींना चिकटतात. गाडी गरम करा, बंद करा, क्लच दाबून धरा, दुसरा टाकून पुढेमागे हिसके द्या. सुटल्या तर सुटल्या, नाहीतर डावं कव्हर उघडायचंच आहे. गिअर लिव्हरने सुटणारा क्लच वेगळ्या स्क्रूने लावायचा असतो. त्याआधी केबलला थोडा ढिलेपणा द्या, ताणलेल्या केबलवर ते कधीच जमत नाही.



नुसता_वाचक:

पुढचं वाचायला रुमाल टाकून ठेवतो. पापडांचं वाईट वाटलं.



ब्रनोवासी:

मी चेक प्रजासत्ताकात असतो, त्यामुळे जावा इथे रोज दिसतात. तुमच्या इंजिनाचं घराणं म्हणजे इथली २५०, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. दोन सायलेन्सर हा दिखावा नाही, बॅरललाच दोन एक्झॉस्ट पोर्ट आहेत. एक काढायचा तर एक पोर्ट बुजवावा लागेल आणि मग सगळी जेटिंग (कार्बोरेटरच्या जेटांची मापं) नव्याने. बॉबरला एकाच बाजूचा पाइप छान दिसतो हे खरं, पण येझदीची ओळखच ती जोडी आहे हो.

जुन्या गाड्यांच्या बाजारात सील, रिंगा, पॅकिंग अजून मिळतं. भारतीय येझदीला सगळंच बसत नाही, म्हणून जुना भाग काढून माप घेतल्याशिवाय कुणाकडून काही मागवू नका. सील तर कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगून मिळतं. जुनं सील खिशात घेऊन जा.

व्हेप कंपनीची बारा व्होल्टची इलेक्ट्रॉनिक इग्निशनची किट इथे बऱ्याच जणांनी लावलीय. पॉइंट, कंडेन्सर, डायनामो सगळं जातं, हेडलाइटचा उजेड वाढतो. फ्रेमला हात न लावता होणारा सगळ्यात कामाचा बदल मला तोच वाटतो. पण आधी आहे ते सहा व्होल्टवर नीट चालू द्या, नाहीतर जुना दोष नव्या किटखाली झाकला जाईल.



कागदवाला:

कुणी विचारलं नाही, मी विचारतो. आरसी अजून वारलेल्या गृहस्थांच्या नावावर आहे ना? मग आधी वारसाच्या नावावर, त्यासाठी फॉर्म ३१. मग त्याच्याकडून तुमच्याकडे, २९ आणि ३०. नोंदणीची मुदत संपलेली असणार, तर नूतनीकरणाचा २५. शिवाय विमा, पीयूसी, ग्रीन टॅक्स, नवी सुरक्षा नंबर प्लेट. मुलगा आज ओळखीचा आहे तोवर सह्या घ्या. उद्या तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला की तुम्ही फॉर्म हातात घेऊन बसाल.

कापण्याबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेलं वर्णन बदलेल असा फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलंय. रंग बदलता येतो, पण आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्या. फ्रेम कापून वेल्ड केलेली गाडी तपासणीला नेली तर साहेब काय म्हणतील ते त्यांच्या मूडवर अवलंबून नाही, नियमावर आहे.

आणि तुमची गाडी १९७४ ची आहे हे विसरू नका. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. आधीचा नंबर असलेल्याला तो ठेवता येतो. मात्र विंटेज झाली की रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. तुम्हाला चालवायची असेल तर साधी नोंदणीच बरी. पण फ्रेम कापलीत तर हा दरवाजा कायमचा बंद.

आणखी एक. पावडर कोटिंगला देण्यापूर्वी फ्रेमवरच्या चासी नंबरचा पेन्सिलने छाप घ्या, फोटो काढा आणि ब्लास्टिंगवाल्याला तिथे टेप लावायला लावा. वाळूच्या माऱ्याने नंबर बुजला की ती गाडी कागदोपत्री उरत नाही.



सातारी_टांगा:

फ्रेमला ग्राइंडर लावलात तर मी हा धागा अनफॉलो करणार. येझदीची सरळ फ्रेम आता बनत नाही. नव्या कंपनीने २०२२ मध्ये नाव परत आणलं, पण त्या गाडीचा या गाडीशी नट-बोल्टाचासुद्धा संबंध नाही.



गल्लीतला_रायडर:

टांगेवाले, जरा धीरानं. गाडी त्याची, पैसे त्याचे. पडवीत कुजण्यापेक्षा बॉबर होऊन रस्त्यावर आली तर वाईट काय? माझा सल्ला मधला आहे: जे बोल्टने निघतं ते सगळं बदला, जे वेल्डने होतं ते बदलू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून दुसरं, डेंट असलेलं मडगार्ड शोधा आणि ते कापा. मूळचं तेल लावून माळ्यावर ठेवा. एकट्या सीटसाठी मूळच्या सीटच्या बोल्टवर बसणारी पट्टी करून घ्या. हँडल तर काय, कुठलंही बसतं, फक्त केबल लांब लागतील.

मॅट काळ्याचं मात्र बघा. मातीच्या रस्त्यावर पंधरवड्यात राखाडी दिसतो आणि पुसला की चट्टे पडतात.



कऱ्हाडचा_२५०:

सगळ्यांचे आभार. झाकण उघडून बघितलं, छिद्र मोकळं आहे. वाटेत बंद पडली तेव्हा तिथेच प्लग काढला, ठिणगी जवळजवळ नाहीच. कंडेन्सर बदलला आणि गॅरेजकर म्हणाले तसा कॉइलपाशी लावला. आता थेट मलकापूर ओलांडून परत आली, एकदाही बंद न पडता. हिसके दिल्यावर क्लचही सुटला, लिव्हरचं अजून जमवतोय.

बॅफल काढले तर बोटभर काजळी निघाली, जाळून बसवले. धूर थोडा कमी झाला, पण गेला नाही. आणि गिअर ऑइलची पातळी उतरलीय, खाली फरशीवर टिपूस नाही. म्हणजे डावं सील.

फॅब्रिकेटरला तूर्त नाही म्हणून सांगितलं. मुलाकडून ३१, २९, ३० वर सह्या घेऊन आलो. मडगार्ड दुसरं शोधतोय, कुणाकडे असेल तर सांगा. सायलेन्सर दोन्ही राहतील. सीट एकट्याची होणारच, त्यावर वाद नको. :)

आता प्रश्न: डावं सील मी घरी बदलू शकतो का, की इंजिन फोडावं लागतं?



गॅरेजकर:

सहसा इंजिन फोडावं लागत नाही. ऑइल काढा, किक-गिअरची लिव्हर काढा, डावं कव्हर, मग क्लच, मग चेनसकट क्रँकवरचं स्प्रॉकेट. हे स्प्रॉकेट टेपरवर घट्ट बसलेलं असतं, त्याला पुलरच लागतो. मागून छिन्नी-हातोडा मारणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, क्रँक वाकला की खर्च दहापट होतो. क्लचच्या नटाचे आटे कुठल्या बाजूचे आहेत ते मॅन्युअलमध्ये बघून मगच जोर लावा.

सील काढलं की क्रँकचं टोक धरून वरखाली हलवा. हातालाच खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय, मग इंजिन उघडणं आलंच, कारण ढिल्या बेअरिंगवर नवं सील महिनाभरही टिकणार नाही. सील जिथे घासतं तिथे क्रँकवर नखाला लागणारी खाच आहे का तेही बघा. असली तर नवं सील केसभर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी येतो.

पुलर नसेल तर लेथवाल्याकडून करून घ्या, स्प्रॉकेटचं माप त्याच्याकडे न्या. आणि कव्हर लावण्याआधी इथे क्रँकचा फोटो टाका.