अनुभव धागा: शेजारी कळायला किती वर्षं लागली?

सई_मडगाव
परवा शेजारच्या ख्रिश्चन मांयच्या नातीचा रोस होता, आपल्या हळदीसारखा लग्नाआधीचा विधी. नारळाचं दूध अंगाला चोळताना बघितलं आणि आजी आठवली. विहिरीत पाव टाकला, पाणी प्यायले नि गाव बाटला, ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली की मांय दिसली की मला तो पावच आठवे. मांयसाठी सोप्यावरच्या कोनाड्यात वेगळा कप. चहा पिऊन ती स्वतः धुऊन तिथेच ठेवायची. एका शब्दाने कधी बोलली नाही. परवा नातीच्या हातात आपल्यासारखाच चुडा, आजोळी भरलेला, नवरा गेला की फोडायचा. ४० वर्षं समोर होतं सगळं, मला दिसलंच नाही. तुम्हीही लिहा.

म्हापसेकर
म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला, म्हणजे जत्रेला, आई तेल घेऊन जायची. शिरगावच्या लईराई देवीची बहीण ना ती! आई चर्चमध्ये जाते असं कधी वाटलं नाही, मावशीकडे जाते असंच वाटायचं.

नीता
कप आमच्याकडेही होता. पुढे लिहवत नाही.

वीणा_फोंडा
उलटंही असतं हो. गोव्याच्या साष्टीतल्या ख्रिश्चन मैत्रिणीकडे आम्हा हिंदूंना कोंकणे म्हणायचे. तिची आजी एकदा घाबरून विचारते, तुमी देवचाराक पुजतात? मी अभिमानाने हो म्हटलं. आमचा देवचार म्हणजे गावाचा राखणदार, त्याला रोट ठेवतो. त्यांच्या प्रार्थनेतला देवचार म्हणजे सैतान! शब्द एकच, भाषाही एकच. आजीने मला पुन्हा घरात घेतलं नाही. अर्थ कळायला मला कॉलेज उजाडलं, तोवर आजी गेल्या होत्या. अजून लागतं मनाला.

प्रसाद
वीणाताई, वाचून गलबललो. शिवोलीला जागोर (रात्रीचं लोकनाट्य) बघून या, दोन्ही समाज एकत्र करतात.

अंजू
रोसाला दूध पहिलं घेतात की दुसरं? भाचीच्या मैत्रिणीचा आहे, नारळ आम्ही नेणार आहोत. किती लागतील?

म्हापसेकर
जागोर डिसेंबरात ना? गाडी कुठे लावायची तिथे?

नीता
सई, मांय आहेत का गं अजून?

सई_मडगाव
आहे. ८६. ऐकू कमी येतं. कपाचं बोलायचं आहे, धीर होत नाही.

नीता
बोलू नकोस. नुसती जाऊन बस रोज.

सई_मडगाव
हो. अंजू, पहिलंच घ्या, दाट. नारळ मांयला विचारून सांगते, संध्याकाळी जातेच आहे.