मदत हवी आहे: फेलओव्हर क्लस्टर काढायचाय, फीचर अनइन्स्टॉल होत नाही

कुपवाडकर
अर्जंट आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत जुना फेलओव्हर क्लस्टर आहे (एक सर्व्हर बंद पडला की दुसरा काम उचलतो, अशी जोडणी), तो काढून टाकायचाय. सर्व्हर मॅनेजरमध्ये फेलओव्हर क्लस्टरिंगची टिक काढली की हा सर्व्हर अजून क्लस्टरमध्ये आहे म्हणून अडवतंय. फोर्सने काढायची कमांड कुणाकडे आहे का? सोमवारी पहिल्या शिफ्टच्या आत व्हायला पाहिजे. लिंका नकोत, वाचून झाल्यात.

मिरजवाला
विंडोज कुठलं? नोड, म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर, किती? रोल, म्हणजे क्लस्टरवर चालणारी सेवा, कुठला, हायपर-व्ही, एसक्यूएल की फाइल सर्व्हर? तिन्हींची काढायची रीत वेगळी आहे.

कुपवाडकर
२०१२ आर२. दोन सर्व्हर. रोल साधाच आहे. कमांड द्या.

तासगावकर
२०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला. काढताय तर सगळंच काढा आणि प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशिन चालवणारी लिनक्सवरची सिस्टिम) टाका. लायसनचा खर्च नाही, बॅकअप आत आहे. मी दोन ठिकाणी बसवून दिलंय, तक्रार नाही.

कुपवाडकर
टॅलीला आणि डिझाइनवाल्यांना विंडोजच लागतं. विषय तो नाही.

कऱ्हाडकर
पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा, क्लिअर-क्लस्टरनोड -फोर्स मारा, रीस्टार्ट करा, मग फीचर निघेल. पाच मिनिटांचं काम.

मिरजवाला
कऱ्हाडकर, चालू क्लस्टरवर ही कमांड सांगू नका. ती क्लस्टरमधून आधीच बाहेर काढलेल्या नोडवर उरलेलं कॉन्फिगरेशन पुसायला आहे. रोल चालू असताना मारली तर लोकांच्या उघड्या फायली जातील.

कऱ्हाडकर
माझ्याकडे चाललीय. उगाच घाबरवू नका माणसाला.

मिरजवाला
तुमच्याकडे रोल रिकामा असेल. यांच्याकडे काय आहे ते अजून यांनीच सांगितलेलं नाही. कुपवाडकर, फेलओव्हर क्लस्टर मॅनेजर उघडा. रोल्समध्ये काय दिसतं, नोड्समध्ये काय दिसतं, दोन ओळी लिहा.

कुपवाडकर
रोल्समध्ये एक फाइल सर्व्हर, रनिंग. नोड्समध्ये एक अप, एक डाऊन. डाऊनवाल्याचा मदरबोर्ड गेलाय, दिवाळीपासून बंदच आहे. डिस्क सॅनवर (दोन्ही सर्व्हरना जोडलेल्या सामायिक स्टोरेजवर) आहे.

वाळवेकर
क्लस्टर करताना आधी व्हॅलिडेशन टेस्ट चालवा आणि हार्टबीटचं (सर्व्हर एकमेकांना जिवंत असल्याचं कळवतात ते) नेटवर्क वेगळं ठेवा. क्वोरमला (क्लस्टर चालू राहायला लागणाऱ्या बहुमताला) फाइल शेअर विटनेस, म्हणजे जादा मत देणारा साक्षीदार, उत्तम, फक्त तो तिसऱ्या मशिनवर हवा.

मिरजवाला
वाळवेकर, त्यांना क्लस्टर मोडायचाय.

कुपवाडकर, एक नोड मेलाय हे पहिल्यांदाच सांगायचं होतं, सगळा क्रम त्यावर ठरतो. आधी सॅनच्या पॅनेलमध्ये जाऊन मेलेल्या सर्व्हरचं डिस्कचं मॅपिंग काढा. उद्या कुणी बोर्ड बदलून तो चालू केला आणि क्लस्टर नसताना दोन्ही सर्व्हरनी तीच डिस्क ऑनलाइन घेतली, तर एनटीएफएस (डिस्कवरची फाइल सिस्टिम) खराब होते. नंतर तो नोड इव्हिक्ट करा, म्हणजे क्लस्टरमधून बाहेर काढा. विटनेस डिस्कला त्याआधी हात लावू नका.

आता मुख्य गोष्ट. लोक ड्राइव्ह मॅप करताना नाव कुठलं वापरतात? सर्व्हरचं की रोलचं?

कुपवाडकर
रोलचं. सगळ्यांच्या पीसीवर तेच आहे.

मिरजवाला
मग रोल काढला की ते नाव आणि त्याखालचे सगळे शेअर (नेटवर्कवर उघडी केलेली फोल्डर) जातील. डेटा राहतो, फोल्डरवरच्या परवानग्याही डिस्कवर राहतात, पण शेअरची नावं आणि शेअरच्या परवानग्या क्लस्टरच्या कॉन्फिगरेशनमध्ये असतात. म्हणून रोल चालू असतानाच गेट-एसएमबीशेअर आणि गेट-एसएमबीशेअरॲक्सेसचं आउटपुट फाइलमध्ये काढा. ती फाइल त्याच डिस्कवर ठेवू नका. बॅकअप घ्या आणि त्यातलं एखादं फोल्डर रिस्टोअर करून बघा.

मग रोल ऑफलाइन करून रिमूव्ह. मग रिमूव्ह-क्लस्टर -क्लीनअपएडी, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं (डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीतलं) क्लस्टरचं खातंही जाईल. फीचर त्यानंतर काढा, रीस्टार्ट करा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ऑफलाइन दिसेल, तिला ऑनलाइन करून पहिलंच ड्राइव्ह लेटर द्या. इनिशियलाइज किंवा फॉरमॅट विचारलं तर थांबा, काहीही दाबू नका. यादीवरून शेअर परत करा.

कऱ्हाडकर
मेलेला नोड पुढे चालू झाला तर त्याच्यावर तरी माझीच कमांड लागेल.

मिरजवाला
हो, तिथे बरोबर आहे. नेटवर्कची वायर काढून चालू करायचा, मग मारायची.

गावभाग_सांगली
सर्व्हर रूम तळमजल्यावर आहे का? २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या ऑफिसचा यूपीएस आणि स्विच दोन्ही गेले. एवढं काम करताय तर रॅक वर घ्या.

विश्रामबागकर
कुपवाडला कुठलं पाणी येतंय? नदी इकडे आहे.

गावभाग_सांगली
नाल्याचं येतं ना पावसाळ्यात.

कुपवाडकर
पहिला मजला आहे. मिरजवाला, यादी काढली, शेअर वाटले त्यापेक्षा बरेच निघाले. पण नाव गेलं तर प्रत्येक पीसीवर जाऊन ड्राइव्ह परत मॅप करायचे का? डिझाइनच्या फायलींमध्ये आतल्या लिंकासुद्धा त्याच नावाने आहेत.

मिरजवाला
पीसीला हात लावू नका. रोलचं खातं ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून आणि डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतली) जुनी नोंद दोन्ही गेल्याची खात्री करा. मग राहिलेल्या सर्व्हरला तेच नाव नेटडॉम कॉम्प्युटरनेम /ॲड ने जादा नाव म्हणून द्या. जुनं खातं शिल्लक असेल तर नाव घेताना अडेल. ड्राइव्ह आणि लिंका दोन्ही चालायला हव्यात, तरी सोमवारच्या आधी एका पीसीवर डिझाइनची फाइल उघडून बघा.

कुपवाडकर
बरं. शनिवारी दुसरी शिफ्ट सुटली की बसतो. डोमेन ॲडमिनचा पासवर्ड जुन्या व्हेंडरकडे आहे, तो उद्या मागून घेतो.

मिरजवाला
तो हातात आल्याशिवाय रोलला हात लावू नका.